विश्लेषण : ट्यूबलाइट निरोप घेतेय… पण ती प्रकाश देत होती कशी?

पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे घराघरांतल्या ट्यूबलाइटचे उत्पादन २०२७ च्या अखेरीपर्यंत थांबणार आहे. नायगावच्या बीडीडी चाळींसारख्या वस्त्यांचा पुनर्विकास नेमका याच काळात सुरू आहे. जुन्या खोलीतली ट्यूब आणि नव्या घरातला एलईडी यांत नेमका फरक काय? प्रकाश मुळात तयार कसा होतो? आणि जुन्या ट्यूबचे करायचे काय?

ट्यूबलाइट आताच चर्चेत का?

पाऱ्याच्या विषबाधेने जपानमधील मिनामाता शहरात हाहाकार उडाला होता. त्या शहराच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. या करारातील देशांची पाचवी परिषद नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात झाली. तिथे सरळ नळीच्या ट्यूबलाइटच्या उत्पादनाला, आयातीला आणि निर्यातीला मुदत घालण्यात आली. जुन्या पद्धतीच्या हॅलोफॉस्फेट लेपाच्या ट्यूबसाठी ती २०२६ ची अखेर आहे, तर सुधारित, तिरंगी लेपाच्या ट्यूबसाठी २०२७ ची. घरात वापरल्या जाणाऱ्या सीएफएल दिव्यांसाठी २०२५ ही मुदत त्याआधीच, २०२२ मध्ये ठरली होती.

याचा अर्थ घरातली ट्यूब काढून टाकावी लागेल असा नाही. आहे ती चालेल तोवर चालेल. पण ती गेल्यावर दुसरी मिळणे दिवसेंदिवस अवघड होईल.

नायगावमध्ये या बदलाला आणखी एक पदर आहे. मुंबई विकास विभागाने, म्हणजेच ‘बीडीडी’ने, १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळींपैकी ४२ चाळी नायगावात. तीन मजली इमारत, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या अशी त्यांची रचना. बोळाला बाहेरचा उजेड बेताचाच, त्यामुळे तिथे भर दुपारीही दिवा लागतो. आता म्हाडामार्फत पुनर्विकास होऊन या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळणार आहेत. घर बदलताना माणसे कपाट नेतात, देव नेतात, पंखाही काढून नेतात. भिंतीवरची ट्यूबची पट्टी मात्र बहुतेक वेळा मागेच राहते. हजारो खोल्या रिकाम्या होतात तेव्हा अशा हजारो नळ्या एकदम कचऱ्यात येऊ शकतात, आणि त्या प्रत्येकीत थोडा पारा असतो.

तो पारा तिथे का असतो, हे समजायचे तर आधी प्रकाश समजून घ्यावा लागतो.

प्रकाश म्हणजे नेमके काय?

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. रेडिओ, मायक्रोवेव्ह, क्ष-किरण ही सगळी तिचीच भावंडे. फरक फक्त लहरीच्या लांबीचा. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी आपल्या डोळ्यांना दिसतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० च्या बाजूला जांभळा आणि निळा, ७०० च्या बाजूला लाल. ४०० च्या खाली अतिनील किरण, ७०० च्या वर अवरक्त, म्हणजे ज्याची आपल्याला फक्त ऊब जाणवते असे किरण.

ही लहर ऊर्जेच्या छोट्या छोट्या पुड्यांनी येते. या पुडीला फोटॉन म्हणतात. लहर जितकी आखूड, तितकी पुडी जड. म्हणजे निळ्या प्रकाशाच्या पुडीत लाल प्रकाशाच्या पुडीपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि अतिनील किरणाच्या पुडीत त्याहून जास्त. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे दिवे उलगडतात.

फोटॉन तयार कधी होतो? विजेचा भार असलेला कण, बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन, आपल्याजवळची ऊर्जा टाकून देतो तेव्हा. माणसाने आजवर बनवलेले जवळपास सगळे दिवे म्हणजे इलेक्ट्रॉनला आधी ऊर्जा देण्याच्या आणि मग ती प्रकाशाच्या रूपात परत घेण्याच्या निरनिराळ्या युक्त्या आहेत. ऊर्जा देण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत : वस्तू तापवणे, वायूतून वीज सोडणे आणि घन पदार्थातून वीज सोडणे. बल्ब, ट्यूबलाइट आणि एलईडी ही या तीन मार्गांची घरगुती नावे.

वस्तू तापली की प्रकाश का देते?

लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी नुसते तापते. मग ते लालसर होते, आणखी तापले की नारिंगी, मग पिवळट आणि शेवटी पांढरे दिसू लागते. तापलेल्या वस्तूतले कण जोरजोराने हलत असतात आणि या हालचालीतून सर्व प्रकारच्या लहरी बाहेर पडतात. तापमान वाढते तसा या लहरींचा भर आखूड लहरींकडे सरकतो.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे त्याच्या किरणांचा भर बरोबर आपल्याला दिसणाऱ्या पट्ट्यात पडतो. उलट म्हणायला हवे, या पट्ट्यासाठीच आपले डोळे घडले आहेत. बल्बमधली टंगस्टनची तार मात्र साधारण २,५०० अंशांपर्यंतच नेता येते, कारण टंगस्टन ३,४०० अंशांच्या थोडे वर वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून झिजू लागते. २,५०० अंशांना लहरींचा भर अवरक्त भागात असतो. म्हणून पिवळ्या बल्बमध्ये गेलेल्या विजेचा जेमतेम विसावा भाग प्रकाश होतो, बाकीची नुसती उष्णता. बल्ब म्हणजे अधूनमधून उजेड देणारी शेगडीच.

तेलाचा दिवा, मेणबत्ती आणि रॉकेलची चिमणी हीही याच घराण्यातली. ज्योतीत न जळलेले काजळीचे बारीक कण तापतात आणि पिवळे चमकतात. वरातीत डोक्यावर मिरवल्या जाणाऱ्या गॅसबत्तीत ज्योतीवर मॅन्टलची जाळी बसवून हाच प्रकाश कितीतरी वाढवलेला असे.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ मध्ये. लालबागची ‘गॅस कंपनी लेन’ त्या काळाचे नाव अजून सांभाळून आहे. विजेची कंपनी शहरात १९०५ मध्ये उभी राहिली. तिचेच पुढे ‘बेस्ट’ झाले. नायगावला वीज पुरवते ती हीच बेस्ट.

आणखी एक योगायोग असा की, प्रकाशाच्या पुड्यांचा शोध याच तापलेल्या वस्तूंच्या अभ्यासातून लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या सरकारी प्रयोगशाळेत दिव्यांचा प्रकाश मोजण्यासाठी पक्के माप शोधायचे काम चालले होते. तापलेल्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या किरणांचे आकडे तेव्हाच्या कोणत्याच सिद्धान्तात बसेनात. १९०० मध्ये माक्स प्लांक यांनी ऊर्जा पुड्यांनी दिली-घेतली जाते असे मानले आणि गणित जुळले. आजच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया असलेले पुंज भौतिकशास्त्र असे दिव्याखालीच जन्माला आले.

विजेचा दिवा गिरणीत आला तेव्हा काय झाले?

दिव्याचे तंत्र बदलते तेव्हा फक्त उजेड बदलत नाही, हे गिरणगावाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

विजेचे दिवे येण्याआधी मुंबईच्या कापड गिरण्या बहुधा सूर्याच्या वेळापत्रकावर चालत. उजाडल्यावर सुरू, मावळल्यावर बंद. उन्हाळ्यात दिवस लांब, हिवाळ्यात आखूड. वर्षाची सरासरी बारा तासांच्या आसपास. १९०४-०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली आणि अनेक गिरण्यांनी विजेचे दिवे बसवले. सूर्याची अट संपली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ मध्ये कामगारांमध्ये त्याविरुद्ध असंतोष उसळला, काही गिरण्यांत काम बंद पडले. सरकारने १९०६ मध्ये समिती नेमली, १९०७ मध्ये आयोग नेमला. अखेर १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. दिवा पोहोचायला काही महिने लागले, कायदा पोहोचायला सहा वर्षे.

पण त्याच उजेडाची दुसरी बाजूही गिरणगावातच दिसली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने परळ परिसरात कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री अक्षरे गिरवू लागला. ज्या दिव्याने दिवस लांबवला, त्याच्यासारख्याच दिव्याने शाळाही उघडली. दिव्याला दोन्ही सारखेच. त्याचा वापर कशासाठी करायचा, हे नेहमी माणसांनीच ठरवले आहे.

ट्यूब ‘पेटते’ कशी?

उशिरा लक्षात आलेल्या माणसाला ‘आत्ता ट्यूब पेटली’ असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारामागे चक्क भौतिकशास्त्र आहे.

ट्यूबमध्ये तार नसते. चार फुटी काचेच्या नळीत आर्गॉन वायू अगदी कमी दाबाने भरलेला असतो आणि जोडीला काही मिलिग्रॅम पारा. वायू सहजासहजी वीज वाहून नेत नाही. त्याला सुरुवातीला धक्का द्यावा लागतो. बटण दाबले की वीज आधी स्टार्टरमधून जाते. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, चिकटते आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. मग पट्टी गार होऊन सुटते. त्या क्षणी चोकमधला प्रवाह अचानक तुटतो आणि चोक घरातल्या २३० व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त दाबाचा झटका नळीला देतो. कधी पहिल्या झटक्यात काम होते, कधी तिसऱ्या. म्हणून ट्यूब लुकलुकते आणि मग लागते. एकदा लागली की चोकचे काम उलटे होते : प्रवाह बेसुमार वाढू नये म्हणून तो त्याला आवर घालतो. स्टार्टर मात्र मोकळा होतो, तो काढून घेतला तरी ट्यूब चालूच राहते.

आता पाऱ्याचे काम. नळीतून धावणारे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि लगेच खाली उतरतो. उतरताना तो ऊर्जेची पुडी टाकतो. पाऱ्याच्या अणूच्या पायऱ्या अशा आहेत की ही पुडी मुख्यतः २५४ नॅनोमीटरची असते, म्हणजे अतिनील. ती डोळ्यांना दिसत नाही आणि अपायकारकही असते. म्हणून काचेच्या आतून पांढरी पूड लावलेली असते. ही पूड अतिनील पुडी गिळते आणि तिच्या बदल्यात दिसणाऱ्या प्रकाशाची हलकी पुडी देते. ट्यूबचा पांढरा प्रकाश येतो तो वायूतून नव्हे, तर या पुडीच्या लेपातून. जुन्या ट्यूबमध्ये हा लेप हॅलोफॉस्फेटचा असे. नंतरच्या ट्यूबमध्ये लाल, हिरवा आणि निळा असा तीन रंगांचा प्रकाश देणाऱ्या पुडी मिसळल्या, त्यामुळे रंग अधिक खरे दिसू लागले.

या सौद्यात घट मोठी आहे. अतिनील पुडीत जितकी ऊर्जा असते, तिच्या जेमतेम निम्मी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुडीत असते. उरलेली उष्णतेत जाते. तरीही तार तापवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी काटकसरीचा. ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० लुमेन प्रकाश देतो, ३६ वॅटची ट्यूब सुमारे २,४००. लुमेन हे डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचे माप आहे.

पथदिवे पिवळे का होते?

वायूतून वीज सोडायची, पण पाऱ्याऐवजी सोडियम वापरायचे, की मिळतो पिवळा पथदिवा. सोडियमच्या अणूच्या पायऱ्या अशा की त्याची पुडी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पडते. हा रंग सरळ दिसणारा असल्याने लेपाची गरज नाही.

हा प्रयोग स्वयंपाकघरात रोज होतो. मीठ घातलेली आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो मिठातल्या सोडियमचा प्रकाश. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. दूरच्या ताऱ्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे शास्त्रज्ञ त्याच्या प्रकाशावरून ओळखतात, ते याच ठशांवरून.

रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांत वायूचा दाब जास्त असल्यामुळे हा रंग थोडा पसरून सोनेरी होतो, तरीही त्यात निळा जवळजवळ नसतोच. म्हणून त्या उजेडात निळा सदरा काळपट दिसे. मरीन ड्राइव्हचा रात्रीचा सोनेरी हार हे याच दिव्यांचे देणे होते. २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी बसवले गेले तेव्हा मोठा वाद झाला. तो राजकारणात गाजला, मुंबई उच्च न्यायालयातही पोहोचला आणि अखेर तिथे पिवळसर छटेचे एलईडी आले. वाद सौंदर्याचा म्हणून रंगला, पण त्यातून एक तांत्रिक गोष्ट सिद्ध झाली : एलईडी म्हणजे पांढराच उजेड असे नाही. रंग ही निवड असते.

एलईडी वेगळा कसा?

एलईडीत ना तार तापते, ना वायू लागतो. त्यात अर्धवाहकाचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. वीज सोडली की सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो आणि उतरताना फोटॉन टाकतो. किती खोल उतरायचे हे त्या पदार्थावर ठरते आणि त्यावरून रंग.

उतार लहान असेल तर लाल प्रकाश. तो १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी साधला. निळ्यासाठी मोठा उतार लागतो. त्यासाठी योग्य असलेल्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक बनवणे फार अवघड होते. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते जमवले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेजस्वी निळे एलईडी आले. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. एका रंगाच्या दिव्याला नोबेल कशाला, असे वाटेल. पण निळ्याशिवाय पांढरा बनत नाही. आजच्या घरगुती एलईडीत खरे तर सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळाच प्रकाश तयार होतो. त्यावर पिवळ्या पुडीचा लेप असतो. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोडा पिवळा होऊन येतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. म्हणजे लेपाची युक्ती ट्यूबचीच. पण सुरुवात अतिनीलऐवजी निळ्यापासून होत असल्याने घट कमी, आणि पारा अजिबात नाही.

भारतात एलईडी घरोघर पोहोचला तो भाव पडल्यामुळे. केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेची सुरुवात जानेवारी २०१५ ची. घाऊक खरेदीत जानेवारी २०१४ मध्ये ३१० रुपयांना मिळणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

घरच्या बिलात हा फरक असा दिसतो. जुन्या तांब्याच्या चोकसह ३६ वॅटची ट्यूब सुमारे ५० वॅट वीज घेते. रोज दहा तास लावली तर महिन्याला १५ युनिट. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर ६ युनिट. एका दिव्यामागे महिन्याला ९ युनिट वाचतात. दोन खोल्या आणि बोळातला दिवा धरला तर बचत डोळ्यांत भरते.

मग तक्रार कशाची?

पहिली गोष्ट निळ्याची. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. त्या शरीराला दिवस आहे की रात्र हे सांगतात आणि साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. रात्री उशिरा असा प्रकाश डोळ्यांत गेला तर झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा तयार होते. सोडियमच्या दिव्यात निळा नव्हता, पांढऱ्याशुभ्र एलईडीत भरपूर असतो. नायगावात पोलीस वसाहत आहे, पाळीवर जाणारी माणसे घरोघर आहेत. ज्यांची झोप आधीच वेळी-अवेळी होते, त्यांच्या खिडकीबाहेरचा पथदिवा कोणत्या रंगाचा आहे हा चैनीचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते सहसा कळत नाही. पण कारखान्यात फिरणारे चक्र अशा उजेडात थांबल्यासारखे दिसू शकते आणि त्यातून अपघाताचा धोका असतो. चांगल्या एलईडीत हे टाळलेले असते, स्वस्तातल्या एलईडीत अनेकदा नसते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे. अभ्यासाच्या टेबलावर तो नको.

तिसरी गोष्ट अतिरेकाची. उजेड स्वस्त झाला की माणूस तो वाचवत नाही, जास्त वापरतो. झाडांना गुंडाळलेल्या माळा, उड्डाणपुलांच्या खांबांवरची रोषणाई हे त्याचेच रूप. उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. तिथल्या गावांत रस्ते अंधारात ठेवले नाहीत, तर पथदिव्यांचा प्रकाश आकाशाकडे न जाता जमिनीवर पडेल असा बदल करण्यात आला.

नव्या घरासाठी दिवा निवडताना काय पाहावे?

- वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, लुमेन म्हणजे किती उजेड देतो. दोन्ही आकडे पाकिटावर असतात. लुमेनला वॅटने भागा. उत्तर १०० च्या आसपास किंवा वर असेल तर दिवा काटकसरी.
- केल्विनचा आकडा रंग सांगतो. २,७०० ते ३,००० म्हणजे बल्बसारखा पिवळसर, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. लोहाराचे लोखंड आठवा : जितके जास्त तापमान, तितका रंग निळ्याकडे. झोपायच्या खोलीत कमी आकडा बरा, ओट्यावर किंवा अभ्यासाला मधला चालतो.
- दिवसा खिडकीचा उजेड सर्वात चांगला आणि फुकट. खिडकीसमोर कपाट लावून दिवसा दिवा जाळण्यात अर्थ नाही.

जुन्या ट्यूबचे करायचे काय?

ट्यूब शाबूत असेल तोवर तिच्यातला पारा कोणालाही त्रास देत नाही. फुटली की तो वाफ होऊन हवेत मिसळतो. घरात फुटली तर खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा, मुलांना बाहेर न्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग हातमोजे घालून काचा जाड कागदाने उचलाव्यात, बारीक पूड चिकटपट्टीने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम वापरू नये, त्याने पारा पसरतो.

एखादी ट्यूब फुटल्याने घरातल्यांना मोठा धोका नसतो. खरा धोका त्या माणसाला, ज्याच्यासमोर अशा शेकडो ट्यूब फुटतात. कचरा गाडीत दाबला जातो तेव्हा गाडीमागे उभा असलेला सफाई कामगार, टोकांच्या धातूसाठी नळ्या फोडणारा भंगारवाला. कायद्याने ट्यूब आणि सीएफएल हे साधा कचरा नाहीत. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या इ-कचरा नियमांत पाऱ्याच्या दिव्यांचा समावेश आहे आणि त्यांच्या पुनर्वापर-विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. प्रश्न असतो तो खोलीतून त्या व्यवस्थेपर्यंत ट्यूब पोहोचवणार कोण, हा.

पुढे काय?

एरवी हे काम कठीण आहे, कारण ट्यूब एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरांतून बाहेर पडतात. चाळींचा पुनर्विकास ही त्याला अपवाद ठरणारी संधी आहे. इथे कोणती इमारत कोणत्या महिन्यात रिकामी होणार हे आधीच ठाऊक असते, खोल्यांची यादी तयार असते आणि पाडकामाआधी प्रत्येक खोलीचा ताबा घेतला जातो. ताबा घेतानाच ट्यूब आणि सीएफएल अखंड काढून एका पेटीत जमा करण्याची अट घातली, तर पाडकामाच्या ढिगाऱ्यात पारा जाणार नाही. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. पुठ्ठ्याची खोकी आणि करारातले एक कलम पुरेसे आहे. रहिवाशांच्या समित्यांनी म्हाडाकडे आणि पालिकेकडे हे मागायला हरकत नाही.

एलईडीलाही हाच नियम लागू होईल. त्यात पारा नसला तरी इलेक्ट्रॉनिक मंडल असते, म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी तोही इ-कचराच. आज वाटलेल्या कोट्यवधी बल्बांचे तेव्हा काय करायचे, याची तयारी आतापासून हवी.

१९०५ मध्ये गिरण्यांत दिवे आधी आले आणि कामाच्या तासांचा विचार नंतर झाला. मधली सहा वर्षे कामगारांनी अंगावर काढली. या वेळी मुदत आधीच जाहीर आहे, नियम आधीच लिहिलेले आहेत. चाळ रिकामी होण्याच्या तारखेपूर्वी त्यांची अंमलबजावणी झाली, तर नव्या घरातल्या उजेडाची किंमत सफाई कामगाराच्या फुप्फुसांना मोजावी लागणार नाही.